कर्करोगाची गांवोगांवची मोजदाद

पीक पाहिल्यावांचून आणेवारी ठरत नाहीं, तद्वत् रोगी मोजल्यावांचून रोगाची चाल कळत नाहीं. बार्शी येथें १९८७ सालीं खेड्यांकरितां कर्करोगाची नोंदवही उघडली. नोंदणारे दवाखान्यांत बसून न राहतां गांवोगांव फिरले, हेंच तिचें खरें मोल. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग फार, असें तींत दिसलें.

पुढें १९९९ पासून तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या सुमारें १,३१,००० स्त्रियांवर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला: ज्या गटास विषाणूची तपासणी एकदांच देऊं केली, त्यांतील या रोगाचे मृत्यु तपासणीविना राहिलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे भरले. आरंभीं हा रोग दुखत नाहीं. म्हणून पेरणीपूर्वींच्या सवडींत घरच्या स्त्रियांस तपासणीस न्यावें.