रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग अडलंय कुठं?

घरातलं आरोग्य : लेखांक 11

संकेश्वरातल्या एखाद्या जोडप्याची 'ती' फाइल उघडली, तर तीत तीन गावं सहज निघतात. सोनोग्राफी गडहिंग्लजची, नळ्यांचा एक्स-रे कोल्हापूरचा, वीर्यतपासणी बेळगावची. गडहिंग्लज हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं; बेळगाव जिल्ह्याचं ठिकाण, पण हायवेनं तासाभराची वाट. एक डॉक्टर मराठीत समजावतात, दुसरे कन्नडमध्ये, आणि कागद सगळे इंग्रजीत. शेवटच्या कागदावर निदानाच्या जागी लिहिलेलं असतं, 'अनएक्स्प्लेन्ड इन्फर्टिलिटी'. बीज तयार होतंय, नळ्या मोकळ्या आहेत, शुक्रजंतू पुरेसे आहेत, तरी दिवस जात नाहीत.

मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी पंधरा ते तीस जोडप्यांच्या कागदावर हेच निदान येतं. म्हणजे हे काही दुर्मिळ दुखणं नव्हे. पण त्याची एक वेगळीच अडचण आहे. नळी बंद निघाली तर घरच्यांना निदान काहीतरी सांगता येतं. इथं कागद कुणाचंच नाव घेत नाही, म्हणून घर घेतं, आणि ते नाव बहुतेक वेळा सुनेचं असतं. शेजारच्या डोहाळजेवणाला तिला बोलवायचं की नाही, ओटी भरायला तिला पुढं करायचं की नाही, याची कुजबुज सुरू होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला जातो. नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला, की तो सुटल्यासारखा वागतो. बायकोचाही रिपोर्ट नॉर्मलच आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

दोष कुणाचा, या वादाचं सगळ्यात धीट उत्तर मराठी समाजात दीडशे वर्षांपूर्वीच देऊन झालं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचं लग्न 1840 सालचं. मूल झालं नाही. दुसरी बायको कर, असा आग्रह जोतीरावांना झाल्याचं आणि त्यांनी तो धुडकावल्याचं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचा मुद्दा साधा होता. दोष पुरुषातही असू शकतो. मग मूल व्हावं म्हणून बाईनं दुसरा नवरा केला तर तो तुम्हाला चालेल का? तेव्हा त्या दोघांना कोणी तपासू शकत नव्हतं. नळ्यांचा एक्स-रे यायला 1914 साल उजाडायचं होतं. बीज पाळीच्या कोणत्या दिवसांत फुटतं हेसुद्धा जपानच्या ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी 1920 च्या दशकात दाखवलं. कारण कळण्याचा कसलाही मार्ग नसताना या माणसानं बायकोवर दोष ठेवायला नकार दिला. आज हातात चार रिपोर्ट असूनही कित्येक घरांना ते जमत नाही.

तर मग रिपोर्ट सांगतात तरी काय? नेहमीच्या तपासण्या तीन प्रश्नांना उत्तर देतात: बीज फुटतं का, वाट मोकळी आहे का, आणि शुक्रजंतू पुरेसे व हलते आहेत का. एक्स-रेत रंगद्रव्य नळीतून पलीकडं गेलं, की नळी मोकळी. पण तीच नळी सुटलेलं बीज झेलते का, फलित बीज गर्भाशयापर्यंत सरकवते का, हे एक्स-रे दाखवत नाही. शुक्रजंतूंचंही तसंच. मागच्या लेखांकात जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची मर्यादा पाहिली, एका मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख. हा आकडा बाप झालेल्या पुरुषांवरून काढलेला आहे; आपल्या शुक्रजंतूंपैकी एखादा बीजाच्या कवचातून आत शिरेल की नाही, हे त्यातून कळत नाही. बीजाचा दर्जा तर बाहेरून दिसतच नाही. त्याचा सगळ्यात जवळचा अंदाज म्हणजे बाईचं वय. अलीकडं एएमएच नावाची रक्ततपासणी सर्रास होते आणि आकडा कमी आला की घरात रडारड होते. 2017 साली अमेरिकेत तिशी ते चव्वेचाळिशीतल्या 750 बायकांचा अभ्यास झाला. कमी एएमएच असलेल्यांना आपोआप दिवस जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं नाही. ती तपासणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, त्यांच्या गुणाबद्दल बोलत नाही.

आपल्याकडं आणखी एक पाहावं लागतं. गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग भारतात वंध्यत्वाचं मोठं कारण आहे, आणि तो खोकल्याविना, तापाविना लपून राहू शकतो. घरात कुणाला क्षय झाला असेल, पाळीचा स्राव फारच कमी झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावं. उलट, कसलीच शंका नसताना एका चाचणीवरून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होत असतील, तर दुसरं मत घ्यावं.

आता काळाचा हिशेब, कारण या निदानात खरा मजकूर तिथंच आहे. दोघंही धडधाकट आणि तरुण असली, तरी एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता पाचात एक, फार तर चारात एक. वर्षभरात शंभरातल्या ऐंशीहून जास्त जोडप्यांना दिवस जातात. उरलेल्यांपैकी निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. म्हणजे दीड वर्षानंतर 'कारण सापडत नाही' असं ऐकलेल्या कित्येकांना आजार काहीच नसतो, त्यांचा नंबर फक्त मागं राहिलेला असतो. कोण नुसतं मागं राहिलंय आणि कुणाचं खरंच काही अडलंय, हे आजच्या तपासण्यांना वेगळं काढता येत नाही. म्हणून डॉक्टर दोनच गोष्टींवर भर देतात: बाईचं वय किती आणि प्रयत्न किती दिवसांचा. पस्तिशीच्या आत वर्षभर थांबून तपासायचं, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत.

आणि 'प्रयत्न' म्हणजे लग्नाचा वाढदिवस नव्हे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर; या पट्ट्यातल्या गावोगावची पोरं फौजेत. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी मुंबईला. लग्नाला चार वर्षं झाली म्हणून गाव मोजतं, पण सुट्ट्यांचे दिवस जोडले तर एकत्र राहणं वर्षभराचंही भरत नाही. त्यातही उपयोगाचे दिवस मोजकेच. 1995 साली अमेरिकेतल्या 221 बायकांच्या अभ्यासात दिसलं, की दिवस जातात ते बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढ्या सहा दिवसांतल्या संबंधांतूनच. नवरा गणपतीला आला आणि तेव्हाच पाळी सुरू असेल, तर ती रजा या बाबतीत रिकामी गेली. अशा जोडप्यानं डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगू नये, एकत्र राहिलेले महिने सांगावेत. त्यावर उपचार ठरतो.

उपचारात डॉक्टरांचं एकमत नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेनं, 'नाइस'नं, 2013 साली सांगितलं, की अशा जोडप्यांनी एकूण दोन वर्षं प्रयत्न करावेत, मग थेट आयव्हीएफचा, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करण्याचा, विचार करावा. युरोपच्या 'एश्रे' या संघटनेनं 2023 मध्ये पहिली पायरी म्हणून गोळ्या देऊन आययूआय, म्हणजे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणं, सुचवलं. तेव्हा कोल्हापूरचे डॉक्टर एक म्हणाले आणि बेळगावचे दुसरं, तर कुणीतरी फसवतंय असं लगेच समजू नये.

आकडे पाहिले की हा मतभेद उलगडतो. स्कॉटलंडमध्ये 580 जणींवर अभ्यास झाला, 2008 साली प्रसिद्ध झाला. सहा महिने नुसतं थांबलेल्यांपैकी 17 टक्क्यांना मूल झालं. बीज वाढवणाऱ्या क्लोमिफिनच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी 14 टक्क्यांना. महिनोन् महिने पाचपाच गोळ्यांची चिठ्ठी घेऊन हिंडणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे कोणी सांगत नाही. पुढं 2018 मध्ये न्यूझीलंडमधल्या 201 जोडप्यांचा अभ्यास आला. तिथं क्लोमिफिन किंवा तशाच गोळ्यांच्या जोडीला आययूआय होतं, तेही आपोआप दिवस जाण्याची आशा कमी असलेल्यांसाठी. तीन पाळ्यांत उपचारवाल्यांपैकी 31 टक्क्यांना मूल झालं, थांबलेल्यांपैकी 9 टक्क्यांना. याचा सरळ अर्थ असा, की ज्यांची आशा अजून बरी आहे त्यांनी थांबण्यात तोटा नाही, आणि ज्यांचा काळ सरत चालला आहे त्यांनी नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत.

एक गंमतही आहे. नेदरलँड्समध्ये 2017 साली अकराशेहून जास्त बायकांचा नळ्यांचा एक्स-रे काढला. निम्म्यांना पाण्यात विरघळणारं रंगद्रव्य, निम्म्यांना तेलातलं. सहा महिन्यांत तेलवाल्यांपैकी सुमारे 40 टक्क्यांना गर्भ राहिला, पाणीवाल्यांपैकी 29 टक्क्यांना. तपासणीच अर्धा उपचार ठरली. याच्या उलट उदाहरण म्हणजे आयव्हीएफआधी गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याची टूम. 2019 च्या मोठ्या चाचणीत खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत मूल होण्याचं प्रमाण 26 टक्केच निघालं. बिलात असं एखादं जादा कलम दिसलं, तर 'याचा पुरावा काय?' हे विचारायचा हक्क पैसे भरणाऱ्याला आहे.

निपाणीचा पट्टा तंबाखूचा, तेव्हा तेही बोललं पाहिजे. विडी-सिगारेटनं दोघांचीही जननक्षमता घटते. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. पोटात गर्भ असताना ती लावत राहिल्यास मूल कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. आयव्हीएफसाठी जमीन गहाण ठेवायची तयारी असलेल्या घरात विडी मात्र सुटत नाही, हे नेहमीचं दृश्य.

'टेन्शन घेऊ नका, मग होईल' हा सल्ला तर गावात फुकट मिळतो. 2011 साली चौदा अभ्यासांतल्या 3,583 बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. उपचाराआधी चिंता, खिन्नता जास्त असलेल्यांना आयव्हीएफमध्ये यश कमी मिळालं, असं काही आढळलं नाही. म्हणजे रडू आलं म्हणून गर्भ राहिला नाही, असं होत नाही. काळजीवर उपाय करायचा तो जगणं सोपं व्हावं म्हणून. आणि तिथं नवऱ्याचं काम मोठं आहे. बीजाची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफीला बायको दिवसाआड एकटी एसटीनं जाते, इंजेक्शनं तिलाच टोचतात, 'काय विशेष?' हा प्रश्नही तिलाच. निदान सासूला उत्तर देण्याचं काम त्यानं आपल्याकडं घ्यावं. 'दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत, उपचार दोघांचे चालू आहेत, आई, तू तिला काही विचारायचं नाही' एवढं वाक्य मुलाच्या तोंडून आलं, की घरातला सूर बराच बदलतो.

दोघांनी आधीच बसून एक गोष्ट ठरवावी: आययूआय किती वेळा, आयव्हीएफ करायचं की नाही, केलं तर किती पैशांपर्यंत, आणि थांबायचं कधी. हे अपयशाच्या दुसऱ्या दिवशी ठरवता येत नाही. दत्तक घ्यायचा विचार असेल, तर त्यालाही मुदत आहे. 2022 च्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नोंदणीच्या दिवशी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90. बायको एक्केचाळीस आणि नवरा पंचेचाळीस असेल, तर तान्ह्या बाळाची वाट बंद झाली. 'सगळे उपचार संपल्यावर बघू' म्हणणारे इथं फसतात. दोन्ही रांगांत एकाच वेळी उभं राहायला कुणाची हरकत नसते. सीमाभागाला दत्तक काही नवं नाही. निपाणीशेजारच्या कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, तेच पुढं राजर्षी शाहू. त्याच्या दहा वर्षं आधी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला होता, त्याचंही नाव यशवंत. तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात त्यानं चालवलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या.

पुढच्या लेखांकात 2021 च्या कायद्याखाली आयव्हीएफ केंद्राची नोंदणी कशी पडताळायची, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी कोणती पानं वाचायची.