जुन्या सामूहिक अत्याचारांचा न्याय : हैदराबाद संस्थानाचा दाखला

संकल्पना
नागरिकांवर व्यापक आणि संघटित रीतीने केलेल्या हत्या, छळ, हद्दपारी यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणतात. त्यामागे बहुधा सत्तेचे पाठबळ असते. म्हणून खटला उभा राहतो तो सत्ता बदलल्यावर.

कायद्यातील पेच
कृत्य घडले तेव्हा ते गुन्हा नसेल, तर नंतरच्या कायद्याने शिक्षा देता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 20 मध्ये हे संरक्षण आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या 1966 च्या आंतरराष्ट्रीय कराराने ते मान्य केले. मात्र सर्व राष्ट्रांना मान्य असलेल्या विधितत्त्वांनुसार जे तेव्हाही गुन्हाच होते, त्याच्या खटल्याची वाट मोकळी ठेवली.

हैदराबादचे खटले
1948 मध्ये नांदेड, लातूर आणि त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले किनवट निजामाच्या संस्थानात होते. सप्टेंबरमध्ये भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले; या ‘पोलीस कारवाई’नंतर लष्करी गव्हर्नरने विशेष न्यायाधिकरणे नेमली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा नेता, लातूरचा वकील कासिम रझवी याला बीबीनगर गावावरील हल्ल्याच्या प्रकरणात सात वर्षांची सक्तमजुरी झाली. आरोप दरोड्यासारख्या नेहमीच्या गुन्ह्यांचे असल्याने पूर्वलक्षी कायद्याचा पेच उद्भवला नाही.

आरोपीचे हक्क
न्यायाधिकरणाची खास कार्यपद्धती समानतेच्या हक्काचा भंग करते, हा रझवीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये बहुमताने फेटाळला. त्याच वर्षी वरंगळच्या माजी सुभेदाराला (विभागाच्या प्रशासकीय प्रमुखाला) खुनाच्या खटल्यात झालेली शिक्षा मात्र रद्द झाली. महत्त्वाचा साक्षीदार सरकार पक्षाने तपासलाच नव्हता. गुन्हा कितीही भीषण असला तरी पुराव्याचा निकष सैल होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

अपुरी बाजू
कारवाईदरम्यान आणि नंतर मुस्लिम नागरिकांच्याही मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. केंद्र सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने बळींचा अंदाज 27 ते 40 हजार दिला; सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही.

आजच्या मर्यादा
भारतात खुनाच्या खटल्याला कालमर्यादा नाही. पण मानवी हक्क आयोगाला घटनेनंतर एक वर्ष उलटल्यावर चौकशी करता येत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अधिकार जुलै 2002 पासूनच्या गुन्ह्यांपुरता आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. वंशसंहार व मानवतेविरुद्धचे गुन्हे देशाच्या फौजदारी कायद्यात नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या प्रकरणात नोंदवले. ही उणीव भरून काढणारा स्वतंत्र कायदा आवश्यक आहे, आणि जेता व पराजित या दोघांनाही त्याने एकच माप लावले पाहिजे.