एका जागेचे बंधन न मानणारा प्रशिक्षक

११ ऑक्टोबर १९९२ रोजी डिऑन सँडर्स दुपारी मायामीत अटलांटा फाल्कन्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळला आणि रात्री पिट्सबर्गला अटलांटा ब्रेव्हजच्या बेसबॉल संघात हजर झाला. त्या रात्री त्याला मैदानात उतरवलेच नाही, आणि या धावपळीत अनेकांना फक्त प्रसिद्धीचा सोस दिसला. पण त्याच महिन्यात वर्ल्ड सिरीजमध्ये टोरांटोविरुद्ध त्याने १५ पैकी ८ वेळा यशस्वी फटका मारला, पाच वेळा बेस चोरले. पुढे फुटबॉलमध्ये १९९४च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोकडून तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. सुपर बोल आणि वर्ल्ड सिरीज हे दोन्ही खेळलेला तो एकमेव खेळाडू आहे. माझ्या मते त्याच्या प्रशिक्षकपदाची किल्ली याच काळात आहे. विशेषतः १९९६मध्ये डॅलसकडून त्याने बचावात कॉर्नरबॅक आणि आक्रमणात रिसीव्हर अशा दोन्ही जागा सांभाळल्या, त्याकडे पाहायला हवे. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रत्येकाचे काम ठरलेले असते. दोन्ही बाजूंनी नियमित खेळणे जवळजवळ नाहीसे झाले आहे.

२०२०मध्ये तो मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. तीन हंगामांत २७ विजय, ६ पराभव आणि लागोपाठ दोन परिषद विजेतेपदे. याहून मोठी गोष्ट डिसेंबर २०२१मध्ये घडली. देशातला अग्रमानांकित शालेय खेळाडू ट्रॅव्हिस हंटर याने सँडर्सच्याच जुन्या विद्यापीठाला, फ्लोरिडा स्टेटला, दिलेला शब्द मागे घेऊन जॅक्सन स्टेट निवडले. पुढे सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला आणि हंटरही त्याच्यासोबत गेला; तिथे सँडर्सने त्याला आक्रमण आणि बचाव दोन्हींत जवळजवळ पूर्ण सामना खेळू दिला. २०२४मध्ये हंटरने ९६ झेल घेतले, १,२५८ यार्ड मिळवले, शिवाय प्रतिस्पर्ध्यांचे चार पास अडवून चेंडू हिसकावला आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधली सर्वोच्च हाइसमन ट्रॉफी जिंकली. थकवा आणि दुखापतीची भीती दाखवून त्याला एकाच जागी बसवणे सोपे होते. सँडर्सने तसे केले नाही, कारण हे ओझे पेलता येते हे त्याने स्वतः अनुभवले होते.

यावर गंभीर आक्षेप आहे: हे कौशल्य नव्हे, नावाचे वलय आणि बदललेले नियम यांची किमया. यात तथ्य आहे. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली, विद्यापीठ बदलणेही सोपे झाले, आणि २०२३मध्ये सँडर्सने कोलोरॅडोचा संघ जवळजवळ नव्याने उभारला. ज्यांना त्यासाठी जागा रिकामी करावी लागली, त्यांनी मोजलेली किंमत विजयाच्या आकड्यांत येत नाही. जॅक्सन स्टेटला सोडून जाण्याची खंतही खरी आहे. तरी केवळ वलय पुरले असते, तर आदल्या मोसमात अंतिम लढतीपर्यंत पोहोचलेल्या टीसीयू विद्यापीठाला ४५-४२ असे हरवून सुरू झालेला २०२३चा मोसम ४-८ (चार विजय, आठ पराभव) वर संपला नसता. वलय तर तेव्हाच सर्वाधिक होते. पुढच्या वर्षीचे ९-४ हे मैदानातल्या कामाचे फळ आहे. मात्र हंटर आणि सँडर्सचा मुलगा, क्वार्टरबॅक शेड्यूर, व्यावसायिक फुटबॉलकडे गेल्यावर २०२५मध्ये संघ ३-९ वर घसरला. असामान्य खेळाडूला मोकळा सोडण्याची सँडर्सची ताकद निर्विवाद आहे; सामान्य गुणवत्तेच्या अनेकांना एकत्र बांधून जिंकण्याचे काम अजून त्याने दाखवून द्यायचे आहे.