हद्दीचे बीजगणित

बीजगणित म्हणजे अज्ञात राशीची एकच एक नेमकी किंमत हुडकून काढण्याची विद्या, असा समज शाळेत वर्षानुवर्षे समीकरणे सोडविल्यामुळे आपल्या मनात दृढ होऊन बसतो. परंतु कायद्याची कलमे, सरकारी हुकूम आणि नित्याचा व्यवहार यांकडे बारकाईने पाहिले असता असे दिसून येते, की तेथे नेमक्या किमतीपेक्षा हद्दीचीच भाषा अधिक चालते. मतदाराचे वय १८ वर्षांहून कमी नसावे. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये ५४४ किलोंहून अधिक भार चढवू नये. रेल्वेत ५ वर्षांखालील मुलास तिकीट पडत नाही. या विधानांत अज्ञात राशीला एखादी जागा नेमून दिलेली नाही. तिला वावरण्यासाठी एक क्षेत्र आखून दिलेले आहे. अशा विधानाला गणितात असमानता म्हणतात, आणि सामान्य नागरिकाला समीकरणापेक्षाही तिचे ज्ञान अधिक उपयोगी पडणारे आहे, असे माझे मत आहे.

बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाच्या १५५७ च्या पुस्तकात प्रथम आले. ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे मात्र टॉमस हॅरियट याच्या ग्रंथातून, त्याच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. चिन्हाचे उघडे तोंड नेहमी मोठ्या राशीकडे असते. हद्दीची खुद्द संख्या आत की बाहेर, हा प्रश्न येथे क्षुल्लक मानून चालत नाही. ज्याला १८ वर्षे पूर्ण झाली तो मतदार होतो, म्हणून वय क्ष मानून क्ष ≥ १८ असे लिहावयाचे आणि संख्यारेषेवर १८ पाशी भरीव ठिपका देऊन उजवीकडचा सारा भाग ठळक करावयाचा. उलट, ज्या मुलाला ५ वर्षे पूर्ण झाली त्याची तिकीटमाफी संपते, म्हणून तेथे क्ष < ५, आणि ५ पाशी पोकळ वर्तुळ.

असमानता सोडविण्याची रीत बव्हंशी समीकरणाचीच आहे. त्याच लिफ्टमधून ७० किलो वजनाचा एक हमाल ५० किलोंची क्ष पोती वर नेत असेल, तर ७० + ५०क्ष ≤ ५४४, म्हणजे ५०क्ष ≤ ४७४, म्हणजे क्ष ≤ ९.४८. पोते अर्धवट नेता येत नसल्यामुळे एका खेपेस फार तर ९ पोती न्यावीत. उत्तर पूर्णांकात हवे असताना ९.४८ चे खाली ९ करावयाचे की वर १०, हे बेरीज-वजाबाकी सांगत नाही. ते मूळ अटीकडे परत पाहूनच ठरवावे लागते.

एक भेद मात्र कटाक्षाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले किंवा भागले, तर चिन्हाची दिशा उलटते. समजा, टाकीत १०,००० लिटर पाणी आहे, रोज ८०० लिटर खर्च होते आणि निदान २,००० लिटर शिल्लक राखणे भाग आहे. क्ष दिवसांनंतरची अट १०,००० − ८००क्ष ≥ २,००० अशी होते. त्यातून −८००क्ष ≥ −८,००० हे मिळते, आणि −८०० ने भागताच क्ष ≤ १० असे उलट चिन्ह येते. हे का घडते? ऋण एकाने गुणणे म्हणजे संख्यारेषेला शून्यापाशी आरसा लावण्यासारखे आहे. ३ च्या उजवीकडे असलेला ५ हा आरशात −५ होऊन −३ च्या डावीकडे जातो. ज्यांस हा नियम विसरण्याची धास्ती वाटते त्यांनी ८००क्ष ही राशी दुसऱ्या बाजूस न्यावी, म्हणजे ८,००० ≥ ८००क्ष होऊन उलटापालटीचा प्रसंगच येत नाही. आणि अकराव्या दिवसाचा पडताळा घ्यावा, तेव्हा पाणी १,२०० लिटरच उरते.

दोन अज्ञात राशींच्या असमानतेचे उत्तम उदाहरण शोधावयाचे, तर मी महाराष्ट्राच्या १९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याकडे बोट दाखवीन. १९७५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर पाच माणसांपर्यंतच्या कुटुंबास, वर्षात दोन पिके घेता येतील अशी हमखास पाण्याची जमीन फार तर १८ एकर, आणि जिरायत जमीन सर्वसाधारणपणे फार तर ५४ एकर ठेवता येते. मधल्या प्रतींच्या जमिनींना निराळ्या मर्यादा आहेत. त्या येथे बाजूस ठेवू. ज्याच्याजवळ दोन्ही प्रकारची जमीन आहे त्याचे काय करावयाचे, याचा तोडगाही कायद्यानेच दिला आहे: अशा बागायतीचा १ एकर हा जिरायतीच्या ३ एकरांबरोबर धरावा. बागायत क्ष एकर आणि जिरायत य एकर मानली, तर कलमाची ती लांबलचक भाषा ३क्ष + य ≤ ५४ एवढ्याशा ओळीत मावते. १० एकर बागायत व २० एकर जिरायत असलेल्या कुटुंबाचा हिशेब ५० येतो, म्हणजे ते हद्दीच्या आत आहे. १२ व २० एकरांच्या कुटुंबाचा ५६ येतो, म्हणजे २ एकर जिरायतीइतकी जमीन अतिरिक्त ठरते. सातबाऱ्यावरील नुसत्या बेरजा पाहिल्या तर ३० आणि ३२ यांत मोठेसे अंतर दिसत नाही.

हीच गोष्ट आलेख कागदावर घेतली म्हणजे कायदा डोळ्यांना दिसू लागतो. आडव्या अक्षावर बागायत, उभ्या अक्षावर जिरायत मांडून (१८, ०) आणि (०, ५४) हे बिंदू सरळ रेषेने जोडावेत. रेषेवरील प्रत्येक बिंदू कायदेशीर असल्यामुळे रेषा अखंड काढावी; अट ‘<’ अशी असती, तर ती तुटक काढली असती. रेषेची कोणती बाजू आपली, हे ठरविण्यास आरंभबिंदू घालून पाहावा: ० ≤ ५४ हे सत्य आहे, तेव्हा आरंभबिंदूची बाजू आपली, आणि जमीन ऋण असू शकत नसल्यामुळे अक्षांमधला त्रिकोण तेवढाच छायांकित करावा. (१०, २०) हा बिंदू त्यात पडतो, (१२, २०) हा रेषेपलीकडे.

अटी एकाहून अधिक असल्या म्हणजे विषय खरा रंगतो. कल्पित आकडे घेऊन असे म्हणू, की रब्बीच्या ५ एकरांत क्ष एकर ज्वारी व य एकर हरभरा करावयाचा आहे. एकरी खर्च अनुक्रमे ४,००० व ८,००० रुपये, आणि हाती रोकड ३२,००० रुपये. अटी दोन: क्ष + य ≤ ५ आणि क्ष + २य ≤ ८. त्यांच्या रेषा (२, ३) येथे छेदतात. ज्वारीचा एकरी नफा १०,००० आणि हरभऱ्याचा १५,००० धरला, तर सारी ज्वारी केल्यास ५०,०००, पैसे पुरतील तो ४ एकर हरभरा केल्यास ६०,००० आणि २ एकर ज्वारी, ३ एकर हरभरा केल्यास ६५,००० रुपये मिळतात. छायांकित क्षेत्रात बिंदू असंख्य असले, तरी अशा हिशेबात सर्वाधिक नफा एखाद्या कोपऱ्यावर सापडतोच.

राशी दोनच्या ऐवजी हजारो झाल्या, की कागद पुरत नाही आणि कोपऱ्यांची गणतीही आवाक्याबाहेर जाते. जॉर्ज डँटझिग याने १९४७ मध्ये कोपऱ्यावरून अधिक लाभाच्या कोपऱ्याकडे सरकत जाण्याची पद्धत बसविली, आणि ती आजही जगभर वापरात आहे. तथापि काही मुद्दाम रचलेल्या उदाहरणांत तिला अतोनात कोपरे फिरावे लागतात. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना क्षेत्राच्या कडेने न जाता त्याच्या अंतर्भागातून उत्तराकडे जाणारी रीत प्रसिद्ध केली, आणि अत्यंत प्रतिकूल उदाहरणातही तिच्या पायऱ्यांची संख्या एका बहुपदीने बांधलेली राहते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले.