पुढचा लायनर कोरा

पोरगा गाडी स्टँडवर लावतो आणि म्हणतो, "मामा, मागचा ब्रेक लागंना." मी मागचं चाक काढतो. लायनर पार पत्र्यापर्यंत झिजलेले असतात. मग त्याने सांगितलेलं नसतानाही मी पुढचं चाक खोलतो. ड्रममधली धूळ झटकली की आतले लायनर दिसतात कोरे करकरीत, कंपनीतून आले तसे. गाडी वर्षाची झालेली, बारा-चौदा हजार किलोमीटर पळालेली, आणि उजव्या हाताची लिव्हर या पोराने जवळजवळ दाबलेलीच नसते. मागचा टायर हाताने फिरवत गेलं की एके जागी चपटा डाग सापडतो. तिथे चाक जाम होऊन डांबरावर घासत गेलेलं असतं. मी विचारतो, "कुठं स्लिप झाली?" तो दचकतो, कारण घरी त्याने काहीच सांगितलेलं नसतं.

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. सत्तावीस वर्षं झाली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी अजून नगरच आहे आणि माझ्याही. नगरच्या एमएच-१६ आणि श्रीरामपूरच्या एमएच-१७, दोन्ही पाट्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात. दसऱ्याला झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून घेतलेली गाडी दिवाळीच्या आत वाकलेल्या फुटरेस्टसकट दारात उभी राहते, तेव्हा मला वाईट वाटतं. आपण पोराला गाडी चालू करायला शिकवतो, क्लच सोडायला शिकवतो, गिअर टाकायला शिकवतो. तो दोन फेऱ्या मारून आला की म्हणतो, "जमलं." थांबायचं कसं, हे त्याला कुणीच दाखवलेलं नसतं.

उलट एक चुकीची गोष्ट मात्र हमखास सांगितलेली असते: "पुढचा ब्रेक लावू नको, उलटा पडशील." ही भीती सायकलीवरून आली. मोटारसायकलचा हिशोब वेगळा आहे. ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढे सरकतं, पुढचा शॉकप बसतो आणि पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं, म्हणून ते चटकन जाम होतं आणि गाडीची शेपटी फिरते. म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. एकट्या मागच्या ब्रेकवर गाडी जवळजवळ दुप्पट अंतर खाते. ती दुप्पट जागा आपल्या रस्त्यांवर असते कुठे? म्हैस आडवी येते, एसटीमागून शाळेचं पोर धावत निघतं.

लूनावर शिकलेल्या माणसांत हा दोष मला कमी दिसला. कायनेटिकची लूना १९७२ सालची. त्या कंपनीचा कारखाना आपल्याच नगर-दौंड रस्त्यावर. तिला गिअर नव्हते आणि दोन्ही ब्रेक हातात होते, त्यामुळे थांबायचं म्हटलं की दोन्ही मुठी आपोआप आवळल्या जात. मोटारसायकलवर मागचा ब्रेक पायात गेला. घाबरलेला माणूस आधी पाय दाबतो आणि हाताला विसरतो.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, आणि त्यावरच्यांना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकात पाय दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. थोडाच. बाकीचं काम हातालाच करावं लागतं.

लिव्हर दाबायची कशी, ते मी पोरांना गोठ्यातलं सांगून समजावतो. धार काढताना सड एकदम ओढला तर गाय लाथ मारते. बोटांनी हळू सुरुवात करून दाब वाढवत न्यायचा. ब्रेकचं अगदी तसंच. पहिल्या क्षणी हलका दाब, शॉकप बसला की जोर. हँडल सरळ, नजर लांब, पायाचा ब्रेक सोबत, आणि क्लच अगदी शेवटी, गाडी थांबायला आली की. क्लच आधीच दाबला तर इंजिनची ओढ सुटते आणि गाडी आणखी पळते. वळणावर आणि खडीवर मात्र पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. तिथे वेग आधीच, सरळ रस्त्यावर कमी केलेला हवा.

हे मी फुकटचं शहाणपण सांगत नाही. १९९८ चा डिसेंबर होता, मी बावीस वर्षांचा होतो. रात्री साडेनऊला शिंगणापूर फाट्याकडून घरी येत होतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून एका ट्रकचा प्रखर झोत आला आणि तो गेल्यावर काळोखात ऊसच दिसला. मी पाय दाबला. नुसता पाय. मागचं चाक सरकत गेलं, गाडी आडवी झाली आणि मी ट्रॉलीच्या मागच्या कडेवर आपटलो. कांड्यांनी गाल सोलला, खांद्याचं हाड मोडलं. डोकं चाकापासून हातभर लांब होतं. हेल्मेट घरी खुंटीला होतं.

पुढे खांदा बरा झाल्यावर मी एक मोजमाप केलं. रात्री गॅरेजसमोर गाडीचा डिपर लावला आणि धाकट्या भावाला काळी घोंगडी घेऊन लांब चालत जायला सांगितलं. चाळीस पावलांवर तो दिसेनासा झाला. चाळीस पावलं म्हणजे साधारण तीस मीटर. आता हिशोब करा. साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. डोळ्याला दिसून हात हलेपर्यंत तेवढा एक सेकंद जातोच. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट लावले तरी कोरड्या डांबरावर आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच ती चुकवायची वेळ निघून गेलेली असते. चाळीसच्या वेगाला हेच सगळं वीस-बावीस मीटरमध्ये बसतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं, हे नव्या पोराला कितीही सांगितलं तरी पटत नाही. घोंगडी घेऊन चालत गेलेला माणूस दिसेनासा झाला की पटतं.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने जागोजागी. गाळप सुरू झालं की चार-पाच महिने रस्त्यावर ट्रॉल्या, टायरगाड्या आणि सांडलेला ऊस. पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो. तो दवाने ओला झाला की साबणासारखा होतो. पहाटे दूध घालायला निघालेली पोरं तिथेच पडतात. दुधाचं आणखी एक. भरलेला कॅन एकवेळ परवडला, अर्धा भरलेला नको. आतलं दूध हेलकावतं आणि वळणावर गाडी आपल्या मनाने झुकते. पहिल्या महिन्यात पोराच्या गाडीला कॅन बांधू नका आणि मागे कुणाला बसवूही नका.

साइडपट्टीने किती पोरं पाडली, त्याची मोजदाद नाही. डांबराची कड आणि खालचा मुरूम यांत कुठे चार बोटं तर कुठे वीतभर फरक असतो. मोठ्या गाडीने दाबलं की पोरगा खाली उतरतो आणि घाबरून लगेच हँडल वर खेचतो. पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही आणि गाडी आडवी होते. उतरावं लागलं तर मुरमावरच वेग कमी होऊ द्या. मग सपाट जागा बघून जरा आडवा कोन घेऊन वर या.

नवरात्रात मोहटादेवीला जाणारी पोरं करंजी घाट न्यूट्रलमध्ये उतरतात. चार थेंब पेट्रोल वाचतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापला की दाबूनही ब्रेक लागत नाही. उतारावर दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. दुसऱ्याची गाडी घेताना गिअर आधी विचारा. काही शंभर सीसीच्या गाड्यांचे सगळे गिअर पुढे दाबायचे असतात, मोठ्या गाड्यांत बहुधा पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. घाईत नेमकं उलटं होतं.

आता आई-वडिलांना. गिअरच्या गाडीला वय अठरा लागतं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकाऊ परवाना निघाल्यावर पक्क्यासाठी किमान तीस दिवस थांबावं लागतं. ते तीस दिवस तारीख यायची वाट बघण्यात घालवू नका. आठचा आकडा काढून परीक्षा पास होता येते, पण पन्नासच्या वेगातून गाडी सरळ रेषेत थांबवता येते का, हे तुम्हीच बघायचं आहे.

ऊस तुटलेलं रान, शाळेचं मैदान, रविवारचा बाजारतळ, कुठलीही मोकळी जागा चालेल. पोराच्या डोक्यावर आयएसआयचं हेल्मेट घाला आणि पट्टा तुमच्या हाताने आवळा. जमिनीवर चुन्याची रेघ ओढा. वीसच्या वेगाने येऊन रेघेवर थांबायला सांगा, मग तीसने, मग चाळीसने. दोन्ही ब्रेक, रोज वीस वेळा, आठ दिवस. यंदा गाळप सुरू व्हायच्या आत एवढं करून घ्या.