शाबासकी वेळेवर मिळावी म्हणून

लेखकांसाठी पुरस्कार पुष्कळ. पुस्तक घडवणाऱ्या आणि वाचकाच्या हाती देणाऱ्या माणसांसाठी मोजकेच.

त्यांतला एक महाराष्ट्र शासनाचा : भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन (जन्म १८९२) यांच्या नावाचा. त्यात 'कार्यकर्ता' आणि 'सेवक' असे दोन वेगळे मानकरी निवडले जातात, आणि ही वेगळी दखल मला फार मोलाची वाटते. कारण आपली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं संस्थांनी चालवलेली. कार्यकर्ते, म्हणजे कार्यकारिणीतली माणसं, बिनपगारी. वर्गणी गोळा करणं, व्याख्यानमाला भरवणं हे त्यांच्याकडे. सेवक तुटपुंज्या मानधनावर नव्या पुस्तकावर शिक्का मारतो, दाखल क्रमांक टाकतो, उसवलेल्या कण्याला कापडी पट्टी डकवतो.

नवोदितांचं काय? साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११पासून आहे. पण तो पस्तिशीच्या आतल्या लेखकांना. ब्रिटनमध्ये मात्र 'किम स्कॉट वॉल्विन पुरस्कार' २००३मध्ये सुरू झाला; पुढे तो प्रकाशन व्यवसायात सात वर्षांपर्यंतचा अनुभव असलेल्या स्त्रियांना दिला गेला. किम या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमधल्या प्रकाशन-संचालक होत्या. तरुण माणूस या व्यवसायात टिकावा असं वाटत असेल, तर दखल पहिल्या काही वर्षांतच घ्यायला हवी.

दखल घ्यायला पुरस्कारच हवा असं नाही. मराठी प्रकाशकांना एक विनंती : शीर्षकपानामागे अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाचं श्रेय तुम्ही छापताच; तिथेच मुद्रितशोधकाचं आणि साहाय्यक संपादकाचं नावही आवर्जून छापा.