गिरणगाव : गाण्यापासून चित्रापर्यंत

काळाचे प्रश्न सगळ्या कलांमध्ये एकाच वेळी उतरत नाहीत. गाणे लढा चालू असतानाच जन्मते, कवितेला थोडी उसंत लागते, तर नाटक, कथा आणि चित्र यांना बहुधा पडझड होऊन गेल्यावरच तिचा आवाका दिसतो. मुंबईच्या गिरणगावाच्या इतिहासात हा क्रम ठळकपणे आढळतो.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागांत गिरण्या आणि त्यांच्या आसऱ्याने चाळी वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले बहुसंख्य कामगार बायको-मुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि खानावळीत जेवत. भजन, दशावतार, तमाशा हेही त्यांच्याबरोबर शहरात आले. शाहिरांनी याच ओळखीच्या प्रकारांतून कामगारांचे प्रश्न मांडले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. स्वतः गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. त्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीचा विरह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी जोडला गेला. भाषिक राज्याचा राजकीय प्रश्न त्यामुळे कामगाराला स्वतःच्या ताटातुटीइतका जवळचा वाटला.

कवितेत हा कामगार स्वतः बोलू लागला तो नारायण सुर्वे यांच्यामुळे. अनाथ सुर्व्यांना एका गिरणी कामगाराने वाढवले. गिरणीतली कामे, शाळेतली शिपाईगिरी आणि नंतर शिक्षकाची नोकरी असा त्यांचा प्रवास झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांतील कामगार दयेचा विषय राहत नाही. तो विचार करतो, प्रेम करतो, जाब विचारतो. कामगारवस्तीच्याही कडेला ढकललेल्या माणसांचे जग १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाने समोर आणले. ढसाळ ज्याच्या संस्थापकांपैकी होते, त्या दलित पँथर या संघटनेची स्थापनाही त्याच वर्षी झाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारोंचा रोजगार मात्र कायमचा गेला. गिरण्यांच्या जमिनींपैकी मोठा वाटा महापालिका आणि म्हाडा यांना देण्याचा नियम १९९१ साली झाला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. परिणामी सार्वजनिक जागा आणि परवडणारी घरे यांसाठी फारच थोडी जमीन मिळाली.

या पराभवाची किंमत जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने घरात शिरून मोजली. संपाने उद्ध्वस्त झालेल्या चाळीतील कुटुंबात बेकार तरुण मुलांचा कोंडमारा होतो, त्यांतला एक गुन्हेगारीकडे वळतो आणि आई संसार सावरत राहते. २०१० च्या ‘लालबाग परळ’ चित्रपटाला याच नाटकाचा आधार होता. पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोअर परळची फिनिक्स गिरणी तोवर झगमगत्या मॉलमध्ये रूपांतरित झाली होती.

चित्रकलेत हे स्थित्यंतर सुधीर पटवर्धन यांनी टिपले. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत त्यांनी १९७० च्या दशकापासून कष्टकऱ्यांची शरीरे, लोकल आणि इराणी हॉटेले रंगवली. पुढे त्यांच्या चित्रांत बदलत्या शहराची दृश्ये मोठी होत गेली आणि त्यांत माणसांना उरलेली जागाही दिसू लागली.

आज मुंबईतील जमिनीचा प्रश्न आरेच्या जंगलापर्यंत पोहोचला आहे आणि येथेही गाणे पुढे आहे. ‘स्वदेसी’ या रॅप समूहाने आरेतील आदिवासी गायक प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. शाहिरांच्या डफाच्या जागी रॅपचा ठेका आला असला, तरी ज्यांची जमीन जाते त्यांनाच गाण्यात बोलू देण्याची रीत तीच आहे.